चेरीला मशीन मारायचं का? नागपूरच्या उन्हाळ्यातलं एक प्रकरण

उन्हाळ्यासाठी कुत्र्याच्या अंगावरचे केस मशीनने पूर्ण उतरवावेत का, याबद्दल विदर्भात दर मार्चमध्ये पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे एकच प्रकरण मांडलं आहे. कुत्री, घर आणि माणसं अशा अनेक घरांवरून जुळवलेली आहेत. तपासणी, निर्णय आणि त्यामागची कारणं मात्र जशी घेतली जातात तशीच दिली आहेत.

परिस्थिती

मार्चचा दुसरा आठवडा, नागपूर. चेरी ही गोल्डन रिट्रीव्हर मादी, वय सात वर्षं, नसबंदी झालेली, वजन ३८ किलो. घर इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. हॉलमध्ये डेझर्ट कूलर, एसी फक्त बेडरूममध्ये. फिरणं सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी साडेसहाला, दोन्ही वेळा पाऊण तास. खाण्यात कोरडं खाद्य दोन वेळा, वर काकांच्या ताटातल्या तुपाच्या पोळ्या.

गेल्या मे महिन्यात चेरी रात्री-रात्री झोपत नव्हती, बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून धापा टाकत बसायची. ते पाहवत नाही म्हणून यंदा काकूंचं मत पक्कं झालेलं: "एकदाचं पूर्ण मशीन मारून टाका, सुटेल बिचारी." काकांचं म्हणणं उलटं: गोल्डनचे केस कापायचे नसतात, ते केस उन्हापासून वाचवतात. पुण्याला असलेल्या मुलाने फोनवर दोन्ही बाजूंचे व्हिडिओ पाठवून गोंधळ वाढवला होता.

या दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही अर्धीच आहेत. "केस कुत्र्याला थंड ठेवतात" हे वाक्य जसंच्या तसं खरं मानता येत नाही. "केस काढले की गार वाटेल" हेही नागपूरच्या मे महिन्यात धरून चालता येत नाही.

केस नेमकं काय करतात

गोल्डनच्या अंगावर दोन थर असतात. वरचे लांब, सरळ, थोडे राठ केस आणि आत कातडीला लागून मऊ, दाट लोकर. केसाच्या एकाच छिद्रातून एक राठ केस आणि त्याच्याभोवती अनेक मऊ केस बाहेर येतात. लोकर हवा अडवून धरते आणि अडवलेली हवा उष्णतेचा प्रवास मंद करते, दोन्ही दिशांनी. उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते. केस फक्त तिचा वेग कमी करतात.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस. सावलीत हवा ३० अंश असेल, तर शरीर हवेपेक्षा गरम असतं आणि दाट केस उष्णता बाहेर जायला अडथळा करतात. अशा वेळी आखूड केसांचा थोडा फायदा होतो, हे कबूल केलं पाहिजे. पण नागपुरात मे महिन्यात दुपारी हवाच ४४-४५ अंशांवर जाते. तेव्हा उष्णतेचा प्रवाह उलटा फिरतो, हवेकडून शरीराकडे. त्या तासांत केस हा आडोसा असतो. उन्हात तर जास्तच, कारण किरणांची उष्णता केसांच्या टोकांवर शोषली जाते, कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर.

म्हणजे केसांची खरी किंमत चेरी दुपारी मोजत नाही, रात्री मोजते. रात्री अकरा वाजता बाहेरची हवा शरीरापेक्षा थंड झालेली असते, स्लॅब मात्र दिवसभराची उष्णता खाली सोडत असतो आणि गळून न पडलेली जुनी लोकर अंगातली उष्णता धरून ठेवते. गेल्या वर्षीचा त्रास रात्रीचाच होता ही बाब सगळ्यात बोलकी आहे. तिच्यावर उपाय आहे तो आतली मेलेली लोकर काढण्याचा. त्यासाठी वरचे केस कापावे लागत नाहीत.

कुत्र्याला घाम जवळपास फक्त पंज्यांच्या गाद्यांना येतो आणि त्याने शरीर फारसं थंड होत नाही. खरं काम धापेचं. जीभ, तोंड आणि नाकाच्या आतल्या ओलाव्याचं बाष्पीभवन होतं, ते उष्णता घेऊन जातं. म्हणून कोणत्याही कुत्र्याबद्दल पहिला प्रश्न हा असावा की त्याची धाप नीट चालते का. केसांचा प्रश्न त्यानंतरचा.

याला आधार आहे. ब्रिटनमध्ये २०१६ सालच्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या पशुवैद्यकीय नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उष्माघाताचा धोका जास्त असलेल्या जातींत चाऊ चाऊ आणि गोल्डन रिट्रीव्हर हे दाट केसांचे होते, तसेच बुलडॉग, पग आणि ग्रेहाउंड हे आखूड केसांचेही होते. जातीच्या सरासरीपेक्षा जास्त वजन हाही धोका वाढवणारा घटक निघाला. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात जवळपास तीन-चतुर्थांश घटना व्यायाम किंवा श्रमानंतरच्या होत्या. ब्रिटनची हवा वेगळी हे खरं, पण वजन आणि श्रम हे दोन मुद्दे चेरीच्या घरात अगदी समोर उभे आहेत.

तपासणी: मशीनआधी काय पाहिलं

पहिलं, श्वास. चेरी गाढ झोपेत असताना मिनिटाला किती श्वास घेते ते सलग तीन रात्री मोजलं. शांत झोपेत हा आकडा ३० च्या खाली असावा. तिचा २२ ते २४ होता. फिरून आल्यावर धाप लागते तेव्हा श्वास आत घेताना घरघर किंवा कर्कश आवाज येतो का, भुंकण्याचा आवाज बदलला आहे का, हेही ऐकलं. मोठ्या वयाच्या लॅब्राडोर आणि गोल्डनमध्ये स्वरयंत्राचा पक्षाघात होतो, त्यात हवेची वाट अरुंद होते आणि कुत्रं उन्हाळ्यात एकदम कोसळतं. घरचे त्याला "केसांमुळे गरम होतं" असं समजत राहतात. असा आवाज असता तर पहिलं पाऊल पशुवैद्याकडे टाकावं लागलं असतं. चेरीला तो नव्हता.

दुसरं, वजन आणि थायरॉइड. या बांध्याच्या गोल्डन मादीचं वजन ३० किलोच्या आसपास हवं. चेरी आठ किलो जास्त. बरगड्या बोटांनी दाबूनच लागत होत्या, वरून पाहिलं तर कंबर दिसत नव्हती. वजन वाढलेलं, हालचाल मंदावलेली आणि केस वेळेवर गळत नाहीत, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. गोल्डनमध्ये थायरॉइड कमी पडण्याचा आजार तुलनेने जास्त आढळतो. अशा कुत्र्याला मशीन मारलं तर केस महिनोन्महिने परत येत नाहीत आणि दोष मशीनवर जातो. चेरीचा अहवाल सामान्य आला. वाढलेल्या वजनाचं कारण पोळ्याच होत्या.

तिसरं, केस. इथे घाई करू नये. वीस मिनिटं आणि एक स्टीलचा कंगवा पुरतो, ज्याच्या अर्ध्या भागात दात विरळ आणि अर्ध्या भागात दाट असतात. कंगवा कातडीपासून केसाच्या टोकापर्यंत सरकतो का, हे प्रत्येक भागात पाहायचं. वरवर ब्रश फिरवलेला कुत्रा दिसायला चकचकीत असतो आणि आत नमदा (केस गुंतून घट्ट झालेला थर) झालेला असतो.

चेरीच्या पाठीवर कंगवा अर्ध्यात अडकत होता: गाठी नव्हत्या, पण मेलेली लोकर दाटून बसलेली. नसबंदीनंतर काही गोल्डन माद्यांचे केस कापसासारखे मऊ आणि जास्त दाट होतात, तसंच इथे. कानांमागे, दोन्ही काखांत, मांड्यांमागच्या झालरीत (लोंबणाऱ्या लांब केसांत) आणि शेपटीखाली मिळून सात गाठी. उजव्या कानामागच्या गाठीखाली रुपयाएवढा ओला, लालसर, वास येणारा चट्टा सापडला. हा हॉट स्पॉट. गोल्डनमध्ये तो नेहमीचा आणि पुष्कळदा त्याचं मूळ जवळच्या कानात असतं. कानात भुऱ्या रंगाचा मळ होता. पुढच्या पंज्यांच्या बोटांमध्ये चार गोचीड.

निर्णय

पूर्ण मशीन मारायचं नाही. पोट आणि जांघा आखूड करायच्या, गाठी काढायच्या, झालर कमी करायची आणि अंगावरची मेलेली लोकर तीन बैठकांत काढायची. वरचे राठ केस पाठीवर, बाजूंवर आणि मानेवर तसेच ठेवायचे.

पूर्ण मशीन टाळण्याची कारणं, महत्त्वाच्या क्रमाने:

दुपारी बाल्कनीच्या दाराशी बसणारी कुत्री आहे, उघड्या कातडीवर उन्हाची झळ थेट येईल. फिकट केसांच्या कुत्र्यांची कातडी बऱ्याचदा गुलाबी असते आणि उन्हाने भाजते.

केस परत कसे येतील याची खात्री नसते. गोल्डनमध्ये ते सहसा येतात. लॅब्राडोरमध्ये कापलेले केस पूर्ववत व्हायला साधारण तीन ते चार महिने लागतात, पण गोल्डनच्या लांब झालरीला याहून बराच जास्त वेळ लागतो. बऱ्याचदा लोकर आधी वाढते, राठ केस मागे राहतात. परिणाम उलटाच: पुढच्या उन्हाळ्यात कोट (अंगावरचे सगळे केस) जास्त दाट आणि जास्त गुंतणारा. हस्की, मॅलाम्यूट, चाऊ चाऊ आणि पोमेरेनियनमध्ये धोका याहून मोठा. त्यांच्या केसांचा बहुतेक काळ विश्रांतीच्या अवस्थेत जातो, त्यामुळे मशीन मारलेल्या जागी सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, केस येत नाहीत. पूडलचं उलट आहे, त्याचे केस सतत वाढत असतात, म्हणून पूडल दर सहा आठवड्यांनी कापला तरी बिघडत नाही. "शेजारच्यांच्या कुत्र्याला काही झालं नाही" हा दाखला म्हणूनच निरुपयोगी. शेजारचा कुत्रा कुठल्या जातीचा, हे आधी विचारावं.

शिवाय पूर्ण मशीन मारलं की घरच्यांना वाटतं प्रश्न सुटला. मग संध्याकाळी साडेसहाचं फिरणं तसंच चालू राहतं, पोळ्याही चालू राहतात. आमच्या मते हा सगळ्यात मोठा तोटा आहे.

काही परिस्थितींत मात्र आम्ही स्वतःच पूर्ण मशीन सुचवतो. गाठी जुळून सगळ्या अंगावर एकसंध नमदा झाला असेल, तर ब्रशने सोडवणं म्हणजे छळ आहे. जखमेत अळ्या पडल्या असतील, कातडीच्या आजारासाठी आठवड्यातून दोनदा औषधी आंघोळ द्यायची असेल, किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला पंधरा मिनिटंही उभं राहवत नसेल, तिथेही केसांपेक्षा कुत्रं महत्त्वाचं. नमदा नसेल तर कातडीवर किमान १३ मिलिमीटर केस राहतील असं पातं (३ एफ) किंवा मशीनवर चढवायचा त्याहून लांब कंगवा वापरावा, आणि काम फेब्रुवारीतच उरकावं, म्हणजे मेपर्यंत थोडी वाढ मिळते. नमदा असेल तर पर्याय राहत नाही, ७ एफ (सुमारे ३ मिलिमीटर) किंवा १० नंबर (१.५ मिलिमीटर) पातं नमद्याच्या खालूनच चालवावं लागतं.

काम कसं केलं

आधी चट्टा. त्याच्याभोवती एक सेंटिमीटर निरोगी कातडी दिसेपर्यंत १० नंबर पात्याने केस काढले, म्हणजे हवा लागते आणि औषध कातडीपर्यंत पोचतं. कान आणि चट्टा दोन्ही पशुवैद्याने पाहिले, औषध त्यांनीच दिलं. चट्ट्यावर हळद-तेल लावायचा मोह आवरायला सांगितला. तेलाने केस चिकटतात आणि ओलावा आत कोंडतो. चट्टा कोरडा होईपर्यंत, म्हणजे आठवडाभर, आंघोळ थांबवली.

मग गाठी. कात्री गाठ आणि कातडी यांच्यामध्ये घालायची नाही, हा नियम मोडू नये. गाठ ओढली की तिच्याबरोबर पातळ कातडीही तंबूसारखी वर येते आणि कात्रीत सापडते. काखेत आणि कानामागे अशा जखमा सर्रास होतात. गाठीखाली कंगवा सरकत असेल तर कंगवा कातडीवर आडवा धरून त्याच्या वरून कापावं. सरकत नसेल तर १० नंबर पातं. पाच गाठी स्लिकर ब्रशने (बारीक, वाकड्या तारांच्या ब्रशने) टोकाकडून मुळाकडे उलगडल्या, काखेतल्या दोन मशीनने काढल्या. हे सगळं आंघोळीच्या आधी. भिजलेली गाठ वाळताना आणखी आवळते.

लोकर काढण्यासाठी चेरीला कुशीवर झोपवलं. मागच्या पायाच्या खालच्या टोकापासून सुरुवात. डाव्या हाताने केस वर उचलून धरायचे, खाली दोन-तीन सेंटिमीटरची पट्टी मोकळी सोडायची, ती स्लिकरने हलक्या हाताने खाली विंचरायची, कातडीची रेघ दिसली की पुढची पट्टी. मान, मांड्या आणि शेपटीच्या मुळाशी लोकर जास्त असते, तिथे लांब गोल दातांचा अंडरकोट रेक. एकाच जागी दहा-बारापेक्षा जास्त वेळा ब्रश फिरवला की कातडी लाल होते, म्हणून जागा बदलत राहावं. बारीक पात्याचं शेडिंग टूल बाजारात खूप विकलं जातं. ते जपून वापरावं. जोर लावला की वरचे राठ केसही मध्येच कापले जातात आणि कोट महिनाभरात खरखरीत दिसतो. एक बैठक अर्ध्या तासाची, दोन बैठकांमध्ये दोन-तीन दिवस. पहिल्या बैठकीत निघालेल्या लोकरीने छोटी उशी भरली असती.

आंघोळ दुसऱ्या बैठकीनंतर. कोमट पाणी, केस मुळापर्यंत भिजायला दहा मिनिटं. शॅम्पू बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं नसेल तर एका भागाला दहा भाग पाणी घालून पातळ करून, म्हणजे लोकरीत शिरतो आणि धुऊनही निघतो. उरलेला शॅम्पू हेच उन्हाळ्यातल्या खाजेचं सगळ्यात साधं कारण. गोचिडांचं पाठीवर सोडायचं औषध वापरणार असाल तर आंघोळ आणि औषध यांत दोन दिवसांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध अंगावर नीट पसरत नाही. चेरीला पशुवैद्याने तोंडाने द्यायची गोळी दिली, तिला ही अट नाही. केसांच्या आतली गोचीड डोळ्यांनी शोधून संपत नाहीत आणि एर्लिकिया, बॅबेसिया हे आजार त्यांच्यामुळेच पसरतात, म्हणून गोळीची तारीख कॅलेंडरवर लिहायला सांगितली.

वाळवणं हा नागपुरात फसवणारा टप्पा. हवा इतकी कोरडी की वरचे केस अर्ध्या तासात वाळतात आणि कुत्रं कोरडं वाटतं. आत कातडीजवळची लोकर पुढचे कित्येक तास ओलसर राहते आणि तिथेच नवा हॉट स्पॉट उठतो. जोराच्या हवेचा ब्लोअर, गरम हवा बंद ठेवून, कातडीपासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर धरला की केस गोलाकार उघडून तळाची कातडी दिसते. ती कोरडी होईपर्यंत त्या जागेवरून हलायचं नाही. उरलेली मेलेली लोकर याच वेळी उडते, म्हणून हे काम बाल्कनीत करावं. ग्रूमिंग सलूनमध्ये काम करून घेणार असाल तर पिंजऱ्यात बंद करून गरम हवेने वाळवू नका, असं स्पष्ट सांगा. त्या पिंजऱ्यात कुत्र्यांना उष्माघात झालेला आहे.

शेवटी मशीन. मळलेल्या किंवा ओल्या केसांवर मशीन चालवलं तर पातं बोथट होतं आणि केस ओढले जातात. छातीच्या हाडाच्या टोकापासून जांघेपर्यंतचं पोट आणि मांड्यांची आतली बाजू, १० नंबर पात्याने, केसांच्या दिशेने. स्तनाग्रांवर बोट ठेवून त्यांच्या बाजूने मशीन न्यायचं. जांघेतली सैल कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरायची. दर दोन-तीन मिनिटांनी पातं आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं. आपल्याला चटका बसला तर तिला आधीच बसलेला असतो. पातं तापलं की बदलायचं किंवा दहा मिनिटं थांबायचं. माणसांच्या दाढीचा ट्रिमर या कामाला घेऊ नये, लोकरीत अडकतो आणि लगेच तापतो.

पोट मोकळं केल्यामुळे चेरी थंड फरशीवर पसरते तेव्हा कातडी थेट फरशीला लागते आणि उष्णता खाली जाते. ही जागा जमिनीकडे असल्याने ऊन लागत नाही. फायदा पूर्ण, धोका जवळपास नाही. पंज्यांच्या गाद्यांमधले केस गाद्यांच्या पातळीवर आणले, शेपटीखालचे स्वच्छतेपुरते कापले, मांड्यांमागची झालर विरळ करायच्या कात्रीने चार सेंटिमीटरवर आणली.

घरातले बदल

काकूंना सगळ्यात जड गेलं ते फिरण्याचं वेळापत्रक. नागपुरातले सिमेंटचे रस्ते सूर्य मावळल्यावरही तास-दोन तास तापलेले राहतात. एप्रिलपासून सकाळी पाच ते पावणेसहा आणि रात्री साडेनऊनंतर वीस मिनिटं, तेही हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून पाहिल्यावरच. चेंडू फेकणं उन्हाळाभर बंद.

खाण्याचा हिशेब: ३० किलो या लक्ष्य वजनाला विश्रांतीची ऊर्जागरज साधारण ९०० किलोकॅलरी. दिवसाचं सगळं खाणं, बिस्किटं धरून, त्यात बसवलं. तुपाची एक पोळी शंभर-सव्वाशे कॅलरी सहज खाते, म्हणून पोळ्यांच्या जागी काकडी आणि उकडलेली दुधी. आठवड्याला वजनाच्या एक टक्का, म्हणजे सुमारे ३८० ग्रॅम, एवढीच घट धरायची. मेअखेर ३४ किलो झाले तरी पुष्कळ.

कूलरच्या झोतात चेरीची जागा हलवली आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली. खिडकी बंद असेल तर कूलर खोलीत फक्त दमटपणा भरतो, आणि दमट हवेत तिच्या जिभेवरचं बाष्पीभवनही मंदावतं. बाल्कनीच्या दाराला दुपारी जाड पडदा. फरशीवर ओलं पोतं, पंख्याखाली. पोतं अंगाखाली घालायचं. अंगावर ओला टॉवेल टाकला तर पाच-दहा मिनिटांत तो गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो. पाण्याला दोन पसरट मातीची भांडी, रोज घासून. एवढ्या कुत्र्याला एरवी दिवसाला दोन लिटर लागतं, मेमध्ये त्याहून बरंच जास्त.

सकाळीच एक बादली भरून बाथरूममध्ये झाकून ठेवायला सांगितली. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी इतकं तापतं की गरजेच्या क्षणी नळाला गरम पाणी येतं. गरज कधी लागेल? धाप थांबत नाही, लाळ घट्ट आणि चिकट, हिरड्या गडद लाल, पाय लटपटतात, उलटी किंवा जुलाब. थर्मामीटर गुदद्वारातून लावावा. विश्रांती देऊनही ४० अंशांच्या वर असेल तर लगेच पोट, जांघा, पंजे आणि मानेवर पाणी ओतायचं, पंखा लावायचा. ४१ च्या पुढे जीवाला धोका. आधी थंड करायला घ्यायचं, मग एसी लावलेल्या गाडीतून दवाखाना. पाणी न ओतता गाडीत घालून पळणं हीच सगळ्यात घातक घाई. तापमान ३९.५ वर आलं की पाणी थांबवायचं, नाहीतर ते खाली घसरत राहतं. कुत्रं सावरलेलं दिसलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण किडनी आणि रक्त गोठण्याचे बिघाड एक-दोन दिवसांनी दिसतात.

पुढे काय झालं

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वजन ३५ किलो. संध्याकाळच्या फिरण्यानंतर धाप बसायला मार्चमध्ये पाऊण तास लागायचा, आता रात्रीच्या फिरण्यानंतर वीस मिनिटांच्या आत. रात्री अकरानंतर ती हॉलमध्येच झोपू लागली. यातलं किती श्रेय लोकर काढण्याचं, किती वेळ बदलल्याचं आणि किती तीन किलोंचं, हे वेगळं काढता येत नाही. आमच्या मते वेळापत्रकाचं सर्वाधिक. पोटाचे केस तोवर सेंटिमीटरभर आले होते, नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) सुरू व्हायच्या आधी ते पुन्हा एकदा आखूड केले. लोकर दर आठवड्याला पंधरा मिनिटं विंचरली. घरात दिव्यांच्या उजेडात राहणाऱ्या कुत्र्यांची लोकर वर्षभर थोडी थोडी गळतच असते.

काका-काकूंना एक गोष्ट आवर्जून सांगितली. कोणी तोवर पूर्ण मशीन मारलंच असेल, तर घाबरून जाऊ नये. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ऊन टाळावं, बाहेर नेताना पातळ सुती टी-शर्ट घालावा, आणि माणसांचं सनस्क्रीन लावू नये. त्यातलं झिंक ऑक्साइड चाटलं गेलं तर विषारी ठरतं. चार-पाच महिन्यांत केस फुटले नाहीत तर थायरॉइड आणि कॉर्टिसोलच्या तपासण्या कराव्यात.

जून

चेरीसाठी खरी काळजीची वेळ मेपेक्षा जूनचा पहिला पंधरवडा आहे. तापमान चाळिशीत, त्यात ढग आणि दमट हवा. मेमध्ये हवा कोरडी असल्याने धाप आणि कूलर दोन्ही काम करतात. मान्सूनपूर्व उकाड्यात दोन्ही एकदम थकतात. त्या दिवसांत कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा, आणि दुपारी बेडरूममधला एसी २५-२६ अंशांवर, चेरीसकट. वीज गेली तर गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या पातळ कापडात गुंडाळून तिच्या बाजूला ठेवायच्या, टेकायचं की नाही ते ती ठरवते.

पाऊस सुरू झाला की पोटाला मशीन लावणं थांबवायचं. चिखल आणि ओलं गवत थेट कातडीला लागतं, डासही तिथेच चावतात. फिरून आल्यावर बोटांच्या मधल्या जागा आणि काखा कोरड्या करायच्या, कान आठवड्यातून एकदा पाहायचे. लोकरीची पुढची मोठी बैठक फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात धरली आहे.